श्वास न घेणारी भावंडं

४ जानेवारी

दादा,

गेल्या आठवड्यात तुझे सात फोन आले आणि मी एकही उचलला नाही. रागावायचं तर रागाव, पण आधी हे वाच. फोनवर तू बोलतोस, मी "हं, हं" करते, आणि फोन ठेवल्यावर कळतं की मी कशालातरी होकार देऊन बसलेय. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही. एवढ्यासाठी हा कागदाचा उद्योग.

आपल्या पहिल्या रेकॉर्डला तीस वर्षं झाली म्हणून आपण तिघांनी पुन्हा स्टेजवर उभं राहायचं, हे तुझं नवं खूळ मला वहिनीकडून कळलं. मी येणार नाही. कारण मला एक गाणं मिळालंय. माझं एकटीचं! आमच्या चष्म्याच्या दुकानात एक संगीतकार नंबर तपासायला आले होते. मी काचा पुसता पुसता गुणगुणत होते. म्हणाले, "तुम्ही त्या भावंडांच्या बँडमधल्या मधल्या ना? एकट्या कधी गायलात का?" आठ गाण्यांचा अल्बम करतायत, त्यातलं एक मला देणार म्हणाले. बेचाळिसाव्या वर्षी, दादा! मी त्यांच्या चष्म्याला दुसऱ्याच कुणाच्या काचा बसवल्या त्या दिवशी.

काल चाचणी होती. काचेच्या खोलीत मी, बाहेर संगीतकार आणि रेकॉर्डिस्ट. पहिली ओळ म्हटली तर रेकॉर्डिस्ट म्हणाला, माईक मध्येच बंद पडतोय. केबल बदलली. पुन्हा तेच. माईक बदलला. पुन्हा तेच. संगीतकार त्या बिचाऱ्यावर असे डाफरले की त्याचे कान लाल झाले. चौथ्यांदा म्हणताना माझं मलाच कळलं. माईक ठणठणीत होता. मीच ओळीतला चौथा शब्द म्हणत नव्हते. तोंड मिटायचं, श्वास आत जायचा आणि पाचव्या शब्दाला मी पुन्हा हजर. नवं कोरं गाणं, सोबत चिटपाखरू नाही, तरी चौथा शब्द तुम्हा दोघांवर टाकून मी मोकळी!

अण्णांचा नियम, वडील कमी आणि मास्तर जास्त. तू दुसऱ्या शब्दावर श्वास घ्यायचा, मी चौथ्यावर, धाकट्यानं सहाव्यावर. ज्याचा श्वास त्यानं तो शब्द सोडायचा आणि उरलेल्या दोघांनी धरायचा, म्हणजे आवाज कुठे तुटायचाच नाही. लोक तोंडात बोटं घालायचे. तीस वर्षांनी माझ्या तोंडात बोट घालायची वेळ आलीय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच.

त्यांनी मला सात आठवडे दिलेत. २४ फेब्रुवारीला पुन्हा जायचंय. तेव्हा एक जरी शब्द सुटला तर गाणं दुसऱ्या कुणाला जाणार. दादा, मला हे गाणं हवंय. इतकं काही मला आजवर हवंसं वाटलं नव्हतं. तालमी तू घ्यायचास, चौथ्या शब्दाला माझ्या खांद्यावर टिचकी तूच मारायचास. सवय तू लावलीस, तर सोडवायची कशी तेही सांग. बाकी काही मागत नाही.

तुझी,
चिंगी

&nbsp;

१३ जानेवारी

प्रिय चिंगे,

तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही पोट धरून हसलो. तो बिचारा रेकॉर्डिस्ट! मी माईक-स्पीकर भाड्यानं देतो, मला विचार अशा वेळी माणसाची काय अवस्था होते ते. सगळं जग बदलून बघतो आणि दोष निघतो गाणाऱ्यात.

पण बाळ, यातून काय ते समज. जित्याची खोड म्हणतात ती ही. तुझा गळाच तुला सांगतोय की मला एकटं गायचं नाहीये. कशाला त्याच्याशी भांडतेस?

आता कामाचं बोलू. हॉल ठरलाय. २० मार्च, सहाशे खुर्च्या. धाकट्यानं त्याच्या गाडी शिकवायच्या क्लासला आठवडाभर सुट्टी टाकलीय, रोज आरशासमोर आ-ऊ करतोय, त्याची बायको माहेरी जायच्या बेतात आहे. पोस्टर छापायला गेलं: "श्वास न घेणारी भावंडं – तीस वर्षांनी पुन्हा." तुझा तो पांढऱ्या शर्टातला फोटो मधोमध टाकलाय. संयोजक विचारत होते, तिघंही नक्की ना? तुझ्या वतीनं मी हो सांगून टाकलं. तू काय नाही म्हणणार आहेस होय!

सवय सोडवायची युक्ती माझ्याकडे नाही. आणि असती तरी मी म्हटलं असतं, राहू दे. अण्णा म्हणायचेच, चिंगीचा श्वास अपुरा आहे, तिला चौथ्यावर घेऊ दे. या वयात छातीवर ताण कशाला? आमच्यात ये, मजेत गा.

तालीम दर रविवारी, माझ्या गोदामात.

तुझा दादा

&nbsp;

१९ जानेवारी

दादा,

"तुझ्या वतीनं मी हो सांगून टाकलं." हे वाक्य मी दुकानात तीनदा वाचलं. मालक म्हणाले, ताई, घरी सगळं बरं आहे ना?

कधी एकदा तरी मला विचारलंयस का रे? शाळेच्या सहलीला जायचं होतं तेव्हा बाईंना तू सांगून आलास, तिला कार्यक्रम आहे. मला केस कापायचे होते, फोटोवाल्याला तू सांगितलंस, तिला लांबच आवडतात. हे मला बघायला आले तेव्हा मी चहा घेऊन येईपर्यंत तू सगळ्यांना सांगून मोकळा झाला होतास की मुलगी गुणी आहे, फक्त श्वासाची जरा नाजूक आहे. तेव्हापासून सासरी मला कुणी पाण्याची बादली उचलू देत नाही. मी पोहायला शिकले नाही. आमचे हे आणि मुलगी टेकडी चढतात आणि मी खाली पिशव्या सांभाळत बसते. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी थांबते, दादा. कुणी सांगितलं नाही तरी थांबते.

आणि तुला हसू आलं! माझ्या आयुष्यातली एक गोष्ट तुझ्यापुढे ठेवली, मदत मागितली, तर तू म्हणतोस युक्ती नाही, आणि वर पोस्टरवर माझा फोटो. तोही बाराव्या वर्षीचा.

रोज जेवायच्या सुट्टीत मी दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांमध्ये उभी राहून गाते. चौथा शब्द आला की मांडीवर चापट मारून घेते. मांडी काळीनिळी झालीय आणि शब्द अजून सुटतोय. काल तर चापट बसली, शब्दही आला, पण पाचवा सुटला. रडू नाही आलं, खोक्याला लाथ मारली. आत एका गिऱ्हाइकाची फ्रेम होती.

पोस्टरवरून मला काढ.

चिंगी

&nbsp;

३१ जानेवारी

चिंगे,

पोस्टर छापून झालंय. आता भिंतीवरून तुझं तोंड खरवडू का?

मला काय काय ऐकवलंस! ठीक आहे, मोठ्या भावाला ऐकवायचं नाही तर कुणाला. पण एक विचारू? बँड मोडला कुणी? लग्न करून गेलीस ती तू. अण्णा गेल्यावर मी दोन वर्षं तुझी वाट बघितली. तिसरा आवाज म्हणून दोन मुली घेऊन बघितल्या, त्यांना चौथा शब्द सोडायला जमेना. आपलं ते आपलंच, बाहेरच्याला येत नाही. मग मी स्पीकर भाड्यानं द्यायला लागलो. लोक माझ्या माईकवर गातात आणि मी मागे वायरींच्या गुंडाळ्या करतो. याची तक्रार मी कधी कागदावर लिहिली नाही.

तुला मोठं व्हायचंय, हो. पण आम्हाला खाली ढकलून का? एकटीनं गायचं हेच तुझ्या मनात पहिल्यापासून होतं असं आता वाटायला लागलंय.

युक्तीचं पुन्हा विचारू नकोस. सांगितलं ना, नाही.

दादा

&nbsp;

८ फेब्रुवारी

दादा,

बँड कुणी मोडला यावर नंतर भांडू, मला भांडायला पुष्कळ वेळ आहे. आज दुसरंच सांगायचंय.

परवा मागच्या खोलीत नजर तपासायचा जुना तक्ता भिंतीला टेकवून ठेवला होता. मी वैतागले होते. म्हटलं, बघू तरी, हा अपुरा श्वास आहे तरी केवढा. वरच्या मोठ्या अक्षरापासून एका दमात वाचत सुटले. शेवटच्या ओळीपर्यंत पोचले. ती बारीक ओळ माणसांना चष्म्याशिवाय दिसत नाही, मी ती वाचून पुन्हा वर गेले आणि दुसऱ्यांदा अर्ध्यापर्यंत आले. एका श्वासात! मला वाटलं मी मध्ये चोरून घेतला असेल. मालकांना बोलावलं. त्यांनी घड्याळ लावून माझ्या तोंडाकडे बघत उभं राहून तपासलं. आधी त्यांना वाटलं बाई कामातून गेली, पण मग त्यांनी पुन्हा घड्याळ लावलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

काल रविवार नव्हता, तरी ह्यांना म्हटलं टेकडीवर चला. चढले. हे धापा टाकत होते, मी नाही. वर पोचल्यावर ह्यांनी विचारलं, मग इतकी वर्षं खाली का बसायचीस?

माझी छाती भात्यासारखी आहे, दादा. मी आपल्या कुठल्याही गाण्याच्या तीन ओळी एका दमात म्हणू शकते. मग मला चौथ्या शब्दावर श्वास कशाला दिला होता? मला तो लागतच नव्हता. अण्णांना कळत नव्हतं असं म्हणू नकोस, अण्णांना पक्कं कळायचं. तू तेव्हा चौदाचा होतास, तालमी तुझ्याकडे होत्या. तुला माहीत असणार.

याचं उत्तर दे. ते येईपर्यंत मी तुला एक ओळ लिहिणार नाही आणि तुझा फोनही घेणार नाही.

चिंगी

&nbsp;

१ मार्च

चिंगे,

तीन आठवडे झाले. पत्र पाचदा लिहिलं आणि पाचदा फाडलं. वहिनी म्हणाली, आता हे पोस्टात टाकलं नाहीत तर मीच तिला सांगून टाकेन. तिला मी लग्नानंतर सांगितलं होतं. तुला मात्र नाही.

श्वास माझा अपुरा होता.

लहानपणापासून छातीत घरघर. दमा हा शब्द आपल्या घरात कुणी उच्चारायचं नाही, "दादाला सर्दी" म्हणायचं. आपण पहिल्यांदा रेकॉर्ड कंपनीत गेलो, तू अकरा-बारा वर्षांची, तुला आठवत नसेल. तिथल्या साहेबांनी अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, धाकटी दोघं सोन्यासारखी गातात, मोठ्याला गिटार वाजवू द्या, गायला नको. मी दाराशी होतो. अण्णांनी माझं तोंड बघितलं. त्या रविवारी त्यांनी तो नियम काढला. एकट्यानं शब्द सोडला तर तो दोष दिसतो, तिघांनी पाळीपाळीनं सोडला तर ती कला होते. पण तुम्ही विचारलं असतं, आम्हाला दम आहे तर आम्ही का सोडायचा? म्हणून तुम्हाला सांगितलं, तुमचा श्वास अपुरा आहे. धाकट्यालाही तेच.

मला सगळं ठाऊक होतं. तुझ्या खांद्यावर टिचकी मारताना मला माहीत असायचं की तुझी छाती भरलेली आहे. त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी राहिलो. मग ते पोस्टरवर छापलं गेलं, मग टीव्हीवर आलं, मग सांगायला तोंडच उरलं नाही. तुला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही मीच सांगितलं. खोटं इतकं अंगवळणी पडलं होतं की मला ते खरंच वाटायला लागलं होतं.

माफी कशी मागायची ते मला येत नाही. म्हणून काहीतरी करून आलो. चोवीस तारीख उलटली, तुझं काहीच कळलं नाही, तेव्हा काय झालं असेल ते मी समजलो. गुरुवारी तुझ्या संगीतकारांना जाऊन भेटलो. त्यांच्या स्टुडिओत माझेच स्पीकर आहेत. त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, चूक आमच्या घराची आहे, तिला सांभाळून घ्या, तिला तीस वर्षांची खोड आहे, रेकॉर्डिंगच्या दिवशी शब्द सुटला तर रागावू नका, मागून कुणाकडून तरी भरून घ्या, मी पाहिजे तर शेजारी उभा राहतो. त्यांनी फार शांतपणे ऐकून घेतलं. मान हलवत होते. मला वाटतं, काम झालं.

तुझा,
दादा

&nbsp;

७ मार्च

दादा,

टेकडी चढले त्या दिवसापासून चौथ्या शब्दाला तोंड मिटेनासं झालं होतं. चोवीस तारखेला मी गाणं पुरं म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही न सोडता, तीनदा. संगीतकार उठून आत आले. म्हणाले, बारा मार्चला रेकॉर्डिंग, अठरा वाजवणारे बोलावतोय, साडी कुठलीही नेसा, फक्त बांगड्या नकोत. मी घरी येऊन मुलीला उचलून गरागरा फिरवलं. सोळा वर्षांची घोडी! तुला कळवलं नाही, कारण तुझ्या उत्तराची वाट बघत अडून बसले होते. माझाही हट्ट काही कमी नाही.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. फार गोड बोलत होते. म्हणाले, ताई, मला उशिरा कळलं हो, तुम्हाला जुना त्रास आहे. अठरा माणसं एकदाच जमतात, मी धोका घेऊ शकत नाही. मी म्हटलं, अहो, तीनदा म्हटलं ना तुमच्यासमोर! तर म्हणाले, ते खरं, पण घरच्याच माणसाला खात्री नसेल तर मी कुठून आणू? कुठल्या घरच्या माणसाला, ते काही सांगेनात. गाणं एका चोवीस वर्षांच्या मुलीला दिलं.

मी ह्यांच्यावर संशय घेतला. धाकट्यावर घेतला. काल तुझं पत्र आलं.

दादा रे! करायला गेलास काय आणि केलंस काय! तू जर माझ्याकडे आला असतास. दार वाजवून एकदा म्हणाला असतास, चिंगे, काय झालं गं? माझं घर त्या स्टुडिओच्या अलीकडे आहे. तू माझ्या घरावरून गेलास.

त्या जुन्या गोष्टीचं सांगू? मी तासभर चिडून बघितलं आणि मला जमलं नाही. मला दाराशी उभा असलेला चौदा वर्षांचा तूच दिसायला लागलास. मला सांगितलं असतंस, चिंगे, मला दम पुरत नाही, एक शब्द सोडशील का माझ्यासाठी, तर मी सोडला असता. चौथा सोडला असता, पाचवा सोडला असता, सगळी ओळ सोडली असती. तेव्हा तू मागशील ते मी दिलं असतं. पण तू मागितलं नाहीस, घेतलंस. आणि परवा पुन्हा घेतलंस.

वीस तारखेला मी नाही. पोस्टरवर माझा फोटो आहे, लोक विचारतील. चिंगीची तब्येत बरी नाही असं जर बोललास तर माझ्याशी गाठ आहे. माझ्या वतीनं जन्मभर बोललास. आता एकदा स्वतःच्या वतीनं बोल.

चिंगी

&nbsp;

२२ मार्च

चिंगे,

बोललो.

पडदा उघडला, टाळ्या पडल्या, लोक तिसरी कुठे म्हणून विंगेकडे बघायला लागले. मी पुढे झालो आणि सांगितलं. साहेब, दार, अण्णा, टिचकी, तुमचा पुरा श्वास, माझा अपुरा. परवाचं गाणंही सांगितलं. पाच मिनिटं बोललो. समोर सगळे शांत. मला वाटलं, हेलावले. तेवढ्यात मागून एक आजोबा ओरडले, "अहो, ऐकू येत नाहीये!" बावीस वर्षं लोकांना माईक देतोय, माझा चालूच केला नव्हता. मग चालू केला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेवढं दुसऱ्यांदा सोपं नव्हतं, कारण पुढच्या तीन रांगांनी ते आधीच ऐकलं होतं.

धाकटा माझ्याकडे बघतच राहिला. त्यालाही तिथेच कळलं. मग गायला लागला, आणि सहावा शब्द पहिल्यांदाच धरला. मी दोन शब्दांनंतर थांबायचो, श्वास घ्यायचो, घरघर सगळ्या हॉलला ऐकू जायची. मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. चूक नाही त्यांची, पोस्टर बघून आले होते बिचारे. शेवटपर्यंत बसले त्यांनी टाळ्या वाजवल्या, पण तुला सांगतो, दयेच्या होत्या. मला कळतात.

संगीतकारांकडे पुन्हा गेलो नाही. जावंसं वाटत होतं, पण वहिनीनं चपला लपवल्या.

कार्यक्रमानंतर संयोजक आले. म्हणाले, मे महिन्यात दुसऱ्या हॉलमध्ये करू, पण तिघं हवीत, ताई हव्यातच, आत्ताच हो म्हणा म्हणजे तारीख धरतो. माझ्या तोंडात हो आला होता. गिळला. म्हटलं, तिला विचारून सांगतो. ते म्हणाले, म्हणजे हो समजू ना? मी म्हटलं, नाही, विचारून सांगतो.

तर विचारतोय. चिंगे, येशील का?

दादा

&nbsp;

२८ मार्च

दादा,

नाही.

हा शब्द लिहिला आणि पुन्हा एकदा गिरवला. बेचाळीस वर्षांत तुला मी तो कधी म्हटलाच नव्हता. म्हणायला आधी कुणी विचारावं लागतं.

ते गाणं बारा तारखेला झालं. रेकॉर्डिस्टनं आवर्जून फोन केला होता, म्हणाला, ताई, मुलगी बरी गायली, पण तुमची गोष्ट निराळी होती. मी थँक्यू म्हटलं, मागच्या खोलीत जाऊन रडले, आणि बाहेर येऊन एका गिऱ्हाइकाचा नंबर काढला. दुसरं गाणं कुणी देईल असं वाटत नाही. राग गेलेला नाही. तो जायला वेळ लागेल, आणि तो घालवायला तू काहीही करू नकोस. तुझ्या पाया पडते, काहीही करू नकोस.

घरघरीसाठी डॉक्टरांकडे जा. हल्ली त्यावर चांगली औषधं आहेत. संयोजकांना माझं नाही कळव, कारण विचारलं तर सांग, तिची इच्छा नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा विचार.

चिंगी